शेतातल्या प्रयोगाला अनुदान : पैसे कुठे असतात, कशाला मिळतात आणि मागायचे कसे

पडघा परिसरात भाताचा हंगाम एकच. पावसाआधी राब भाजायचा, रोहिणी-मृगात बी टाकायचे, आषाढात आवणी उरकायची. हळवे वाण दसऱ्याच्या सुमारास कापायला येते, गरवे दिवाळीच्या पुढे जाते. मग जिथे ओल टिकते तिथे वाल किंवा हरभरा. म्हणजे भातात काही नवे करून पाहायचे तर वर्षातून एकदाच संधी, आणि ते फसले तर वर्षाचे तांदूळ कमी. त्यात आवणीला माणसे मिळेनाशी झाली आहेत. भिवंडी ते पडघा पट्ट्यातल्या गोदामांत बारा महिने काम असते. अशा वेळी कोणी सांगितले, "युरिया फेकण्याऐवजी ब्रिकेट खोचा, फायदा होतो", तर तुमच्या मनात लगेच येते : आमच्या जमिनीत होतो का? आणि खोचायची मजुरी वजा जाता काही उरते का?

या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठाच्या शिफारशीत पूर्ण मिळत नाही. शिफारस साऱ्या विभागासाठी असते. तुमचे खाचर उताराच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, पाणी किती दिवस थांबते, घरची माणसे किती, हे तिला ठाऊक नसते. उत्तर तुमच्या शेतातच काढावे लागते. तसे ते काढण्यासाठी सरकारी आणि संस्थांचा पैसा उपलब्ध असतो, फक्त 'प्रयोगासाठी अनुदान' या नावाने तो सापडत नाही. महाडीबीटीवर यंत्र, ठिबक, बियाणे, फळबाग असे घटक दिसतात. 'माझ्या शेतातला प्रयोग' असा घटक तिथे नाही. पैसा वेगळ्या वाटेने येतो, आणि बहुतेक वेळा रोख न येता वस्तूच्या रूपात येतो. ती वाट इथे सांगतो.

आधी एक फरक ओळखा : चाचणी आणि प्रात्यक्षिक

कृषी विज्ञान केंद्राच्या कामात हे दोन शब्द वेगवेगळे आहेत. प्रक्षेत्र चाचणी म्हणजे ज्याचे उत्तर अजून इथे माहीत नाही, ते शेतकऱ्याच्या शेतात, शेतकऱ्याच्याच पद्धतीशी तुलना करून तपासणे. आद्यरेषीय प्रात्यक्षिक म्हणजे सिद्ध झालेले तंत्र शेजारपाजाऱ्यांना दिसावे म्हणून मोठ्या क्षेत्रावर करून दाखवणे. प्रात्यक्षिकात तंत्र चांगले आहे हे गृहीत धरलेले असते. चाचणीत ते फसूही शकते, आणि फसले तरी चाचणी यशस्वीच झाली असे मानतात, कारण उत्तर मिळालेले असते.

गावात ही गल्लत नेहमी होते. बियाण्याची पिशवी येते, बांधावर फलक लागतो, फोटो निघतो. शेजारी जुन्या पद्धतीचा तुकडा ठेवलेला नसतो, त्यामुळे "यंदा चांगले आले" यापलीकडे काही हाती लागत नाही. पाऊसच चांगला झाला असेल तर? विस्तार कार्यकर्त्यांनी यात दोष शेतकऱ्यावर टाकू नये. तुलनेचा तुकडा मागायचे काम आपले आहे.

पैसे कुठे असतात

पहिली जागा कृषी विज्ञान केंद्र. प्रक्षेत्र चाचणी घेणे हे केव्हीकेचे नेमून दिलेले कामच आहे, त्यासाठी वार्षिक आराखड्यात तरतूद असते. त्यातून बियाणे, खत, जैविक निविष्ठा, कधी एखादे अवजार असे चाचणीतले मुख्य साहित्य मिळते. जमीन, मशागत आणि मजुरी सहसा तुमची. पूर्वीच्या अखंड ठाणे जिल्ह्यात हे काम डहाणूजवळच्या कोसबाड टेकडीवरचे केव्हीके पाहत असे. 2014 मध्ये पालघर वेगळा झाल्यावर ते पालघर जिल्ह्यात गेले. सध्या भिवंडी तालुका कोणत्या केंद्राला जोडलेला आहे, हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात एका प्रश्नात कळते. भाताच्या तांत्रिक सल्ल्यासाठी कोकण कृषी विद्यापीठाचे कर्जतचे संशोधन केंद्र जवळ आहे. कर्जत नावाने येणारी वाणे तिथलीच.

केव्हीकेची एक गोष्ट फार थोड्या शेतकऱ्यांना ठाऊक असते. पुढच्या वर्षी कोणत्या चाचण्या घ्यायच्या, हे शास्त्रीय सल्लागार समितीपुढे मांडले जाते आणि त्या समितीत शेतकऱ्यांचेही प्रतिनिधी असतात. तुमचा प्रश्न त्या बैठकीआधी लेखी पोचला तर तो आराखड्यात येऊ शकतो. बैठक होऊन गेल्यावर पोचला तर वर्ष गेले.

दुसरी जागा आत्मा. देशभर ही योजना 2005-06 पासून राबवली जाते. जिल्ह्याला प्रकल्प संचालक असतात, तालुक्याला तंत्रज्ञान चमू आणि शेतकरी सल्लागार समिती. प्रात्यक्षिके, शेतीशाळा, शेतकरी-शास्त्रज्ञ संवाद, अभ्यास दौरे हे तिचे घटक. आत्माचा कल गटाकडे असतो, आणि प्रयोगाच्या दृष्टीने ते सोयीचेच आहे. एकाच्या एका खाचरातला प्रयोग म्हणजे एक साक्षीदार. पाच जणांनी एकच प्रश्न आपापल्या एकेका खाचरात तपासला तर पाच साक्षीदार होतात, जोखीमही पाचात वाटली जाते. नोंदणीकृत गट असेल तर अर्ज गटाच्या नावाने करा.

तिसरी नाबार्ड. तिचा शेती क्षेत्र प्रोत्साहन निधी 2014 मध्ये दोन जुने निधी एकत्र करून झाला. नवे तंत्र शेतावर तपासणाऱ्या पथदर्शी प्रकल्पांना त्यातून अनुदान मिळते. पण ते संस्थेला, शेतकरी उत्पादक कंपनीला, केव्हीकेला किंवा विद्यापीठाला. एकट्या शेतकऱ्याने नाबार्डच्या जिल्हा विकास व्यवस्थापकांकडे जाऊन फारसे निष्पन्न होत नाही. कंपनी असेल तर जरूर जा.

चौथी वाट वेगळी आहे. तुम्ही स्वतःच काही शोधले असेल, एखादे वाण निवडले असेल, अवजार बनवले असेल, तर गांधीनगरचे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान त्याची शास्त्रीय तपासणी करायला मदत करते. ही संस्था 2000 पासून आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे याचे आपल्याकडचे मोठे उदाहरण. 1983 मध्ये त्यांना 'पटेल 3' भातात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या बाजूला काढून त्यांनी त्या वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करत राहिले. त्यातून आलेला बारीक दाण्याचा तांदूळ एचएमटी या घड्याळाच्या नावाने बाजारात गेला. तेव्हा त्यांना कोणाचे अनुदान नव्हते. प्रतिष्ठानचा सन्मान मिळाला तो 2005 मध्ये, म्हणजे पहिल्या लोंबीनंतर दोन दशकांहून अधिक काळाने. 2018 मध्ये ते वारले. आज असे वाण कोणाकडे असेल तर पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा 2001 नुसार ते 'शेतकऱ्याचे वाण' म्हणून नोंदवता येते. शेतकऱ्याला त्यासाठी शुल्क नाही, आणि भातासारख्या पिकात 15 वर्षे संरक्षण मिळते. बियाणे दहा घरी वाटण्याआधी हे करा.

अमेरिकेत 1988 पासून 'सारे' नावाचा सरकारी कार्यक्रम चालतो. त्यात शेतकरी स्वतःच्या नावाने अर्ज करतो, अनुदान प्रयोगासाठी थेट त्यालाच मिळते, आणि निष्कर्ष सर्वांसाठी जाहीर करावा लागतो. आपल्याकडे अशी थेट सोय नाही, आणि ती असायला हवी असे माझे मत आहे. तरी त्या अर्जात विचारतात ते प्रश्न उसने घेण्यासारखे आहेत : नेमके काय तपासणार, कशाशी तुलना करणार, खर्च किती, आणि कळलेले इतरांना कसे सांगणार. या चारांची उत्तरे एका कागदावर असली की आपल्याकडचा अधिकारीही तो कागद बाजूला ठेवत नाही.

प्रश्न एकच, पण धारदार

"भातात उत्पादन कसे वाढेल" हा प्रश्न नव्हे. "ब्रिकेटने माझ्या निमगरव्या भातात, नेहमीच्या युरियापेक्षा, मजुरी वजा जाता गुंठ्याला किती जास्त उरते" हा प्रश्न.

ब्रिकेटचेच उदाहरण पुढे नेऊ, कारण त्यात एक सापळा आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत ही गोष्ट येते. चार सूत्रे अशी : भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपी ब्रिकेट. नियंत्रित लावणीत दोरीवर 15 आणि 25 सेंमी अशी आळीपाळीने खूण असते, चुडात दोन-तीन रोपे लावतात. जवळच्या चार चुडांच्या मध्ये 7 ते 10 सेंमी खोल एक ब्रिकेट जाते. चार चुडांचा चौक 40 बाय 40 सेंमी जागा व्यापतो, म्हणून हेक्टरी 62,500 ब्रिकेट लागतात. एक 2.7 ग्रॅमची, म्हणजे हेक्टरी साधारण 170 किलो. गुंठ्याला सुमारे 630 नग, एक किलो 700 ग्रॅम.

आता सापळा. एका खाचरात तुम्ही दोरीने लावणी केली आणि ब्रिकेटही खोचल्या, दुसऱ्यात नेहमीसारखी आवणी आणि फेकून युरिया. पहिले चांगले आले. श्रेय कोणाला, दोरीला की ब्रिकेटला? कदाचित सारा फायदा अंतराचाच असेल आणि चिखलात वाकून 630 ब्रिकेट खोचण्याची गरजच नसेल. मजूर मिळत नसताना हा फरक लहान नाही. म्हणून इथे दोन नव्हे, तीन तुकडे हवेत : नेहमीची आवणी नेहमीच्या खतासह, दोरीची लावणी नेहमीच्या खतासह, आणि दोरीची लावणी ब्रिकेटसह. दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक तेवढा ब्रिकेटचा. बाकी वाण, रोपांचे वय, लावणीचा दिवस, निंदणी सगळे सारखे.

नेरळजवळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा भात पद्धत तपासायची असेल तर मात्र हे असे तोडता येत नाही. तिथे गादीवाफे, चिखलणी टाळणे, टोकणी, कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवणे हे सगळे एकमेकांत गुंतलेले आहे. तिथे पूर्ण पद्धत विरुद्ध पूर्ण पद्धत अशीच तुलना करा आणि ती किमान दोन-तीन हंगाम चालवा, कारण न नांगरलेल्या जमिनीचा गुण पहिल्याच वर्षी पूर्ण दिसेल असे धरून चालू नये. ही पद्धतही एका शेतकऱ्याच्या शेतातल्या प्रयोगांतूनच उभी राहिली आहे.

खाचरात आखणी

एकेक गुंठ्याचा तुकडा पुरे. खाचराच्या वरच्या आणि खालच्या अंगात गाळाचा, पाण्याचा फरक असतो; नवी पद्धत नेहमी खालच्या सुपीक तुकड्यात टाकली की ती जिंकणारच. म्हणून शक्यतो एकाच खाचरात तिन्ही तुकडे पाडा आणि कोणता कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. मध्ये पक्का बांध घाला, नाहीतर वरच्या तुकड्यातला फेकलेला युरिया पाण्याबरोबर ब्रिकेटच्या तुकड्यात उतरतो. पाणी प्रत्येक तुकड्याला वेगळे सोडता आले तर उत्तम. खेकड्यांनी बांध पोखरला तर त्या दिवसाची नोंद करा. पुढे आकडा विचित्र आला तर कारण तिथे सापडेल.

मग हीच मांडणी किमान तीन खाचरांत. एकाच जागी का चालत नाही, ते आकड्यांनी पाहू. समजा, ब्रिकेटच्या आणि त्याच्या शेजारच्या तुकड्यातला गुंठ्यामागचा फरक तीन खाचरांत असा आला : 5 किलो जास्त, 1 किलो कमी, 7 किलो जास्त. दुसऱ्या गटाला आला : 4 जास्त, 3 जास्त, 4 जास्त. सरासरी दोन्हीकडे तीच, सुमारे 3.7 किलो. पण दुसऱ्या गटाच्या उत्तरावर भरवसा ठेवता येतो, पहिल्याच्या नाही. पहिल्याने आणखी एक हंगाम थांबावे.

3.7 किलो म्हणजे एकरी सुमारे 148 किलो. 2025-26 चा साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये धरला तर एकरी साडेतीन हजार रुपये. यातून ब्रिकेट खोचायची मजुरी आणि खतांच्या किमतीतला फरक वजा करा. घरची माणसे असली तरी घड्याळ लावून वेळ लिहा. मजुरी न मोजल्यामुळे कागदावर चांगले आणि शेतात न परवडणारे, अशी तंत्रे आपण थोडी पाहिलेली नाहीत.

कापणीच्या वेळी बांधालगतच्या दोन ओळी आधी वेगळ्या कापून टाका. तिथे ऊन जास्त मिळते, त्या नेहमी भरलेल्या दिसतात. प्रत्येक तुकड्याचे भारे वेगळे बांधा, वेगळे झोडा, सगळे सारखेच दिवस वाळवून मग तोला. ओले आणि सुके भात एकमेकांशी तोलण्यात अर्थ नाही. आणि तोलताना सहाय्यक कृषी अधिकारी किंवा केव्हीकेचे विषय विशेषज्ञ समोर असू देत.

नुकसान झाले तर?

हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, आणि म्हणूनच तो आधी विचारायचा. वस्तूच्या रूपातल्या मदतीत सहसा पिकाच्या घटीची भरपाई धरलेली नसते. मग दोनच उपाय. प्रयोगाचे क्षेत्र इतके ठेवा की सगळे गेले तरी घरच्या तांदळाला धक्का लागणार नाही. एक-दोन एकरवाल्याने तीन गुंठ्यांच्या पुढे जाऊ नये. कोणी "पूर्ण एकरावर करा, फलक मोठा लावू" म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा. दुसरे, गटाने अर्ज करताना खर्चाच्या तक्त्यात जादा मजुरी, दोरी, तोलकाटा आणि घट आल्यास भरपाई अशा ओळी स्पष्ट लिहा. सगळ्या मंजूर होतीलच असे नाही. पण न लिहिलेली ओळ कधीच मंजूर होत नाही.

नोंदवहीची एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. अहवाल कार्यालयात जातो, अधिकारी बदलतात, आणि तीन वर्षांनी "इथे असा प्रयोग झाला होता" हे सांगणारे कोणी उरत नाही.

कधी जायचे आणि काय न्यायचे

मे महिन्यात गेलात तर उशीर झाला. सरकारी वर्ष 1 एप्रिलला सुरू होते, आराखडे त्याआधी ठरतात. दिवाळीनंतर झोडणी आटोपली की, वालाच्या पेरणीच्या धामधुमीतून एक दिवस काढून, आधी गावचे सहाय्यक कृषी अधिकारी, मग तालुका कार्यालय आणि तिथून केव्हीके किंवा आत्मा असे जा. बरोबर सातबारा, शेतकरी ओळख क्रमांक, बँक पासबुकाची प्रत आणि असल्यास गटाची नोंदणी असावी. सातबारा सामाईक असेल तर भाऊबंदांची संमती आताच घ्या. फलक लागल्यावर वाद निघतो.

आणि एक पान. ते साधारण असे असावे :

"आमच्या गटातील पाच शेतकरी निमगरवे भात करतात. युरिया फेकून देतो. ब्रिकेटमुळे मजुरी वजा जाता फायदा होतो का, हे आम्हाला आमच्या जमिनीत पाहायचे आहे. प्रत्येकाच्या एका खाचरात एकेक गुंठ्याचे तीन तुकडे ठेवू : नेहमीची आवणी व नेहमीचे खत, दोरीची लावणी व नेहमीचे खत, दोरीची लावणी व ब्रिकेट. जागा चिठ्ठीने ठरवू. लावणी, निंदणी, खत यांचे तास आणि वाळलेल्या भाताचे वजन लिहू. पाच गुंठ्यांसाठी साडेआठ किलो ब्रिकेट, खुणांच्या दोऱ्या, एक तोलकाटा आणि खोचण्याची जादा मजुरी यासाठी मदत हवी. लावणीला आणि तोलताना आपल्या तज्ज्ञांनी हजर राहावे. फायदा झाला किंवा नाही झाला, दोन्ही आकडे आम्ही ग्रामसभेत वाचून दाखवू."

खाली पाचही जणांच्या सह्या, गट क्रमांक आणि तारीख. पोच घ्यायला विसरू नका.